डावीकडचा मॉनिटर

मारतहळ्ळीच्या पुढे, रिंग रोडला लागून आमचं ऑफिस आहे. औषधं आणि लसी ठेवायच्या थंड खोल्या ठिकठिकाणी असतात, त्यांतल्या बऱ्याच खोल्यांचं तापमान आम्ही इथं बसून बघतो. एखादी खोली गरम व्हायला लागली की आमच्या स्क्रीनवर तिच्या नावाची पट्टी लाल होते. मग पट्टीवर क्लिक करून ती उचलायची, म्हणजे आपण बघितल्याची नोंद होते, आणि तिथल्या माणसाला फोन करायचा. तो जनरेटर चालू करतो, नाहीतर माल दुसऱ्या खोलीत हलवतो. काम एवढंच, पण डोळ्यांत तेल घालून करायचं.

प्रत्येक टेबलावर तीन मॉनिटर असतात आणि टेबल कुणा एकाचं नसतं. सकाळच्या पाळीचं माणूस उठलं की दुपारच्या पाळीचं त्याच खुर्चीत बसतं, कॉम्प्युटरही तोच, लॉगिनही तेच. त्यामुळे आधीच्या माणसानं विंडो जशा ठेवल्या असतील तशाच पुढच्याला मिळतात. यावरून पूर्वी रोज कटकट व्हायची. कुणी लाल पट्ट्यांच्या विंडोवर मेल उघडून ठेवी, कुणी नकाशा एवढासा करून कोपऱ्यात ढकलून देई. मी पुण्याहून इथं आलो तेव्हा वयानं या खोलीत सगळ्यांत मोठा होतो आणि स्वभावानं सगळ्यांत खवचट. मी नियम घालून दिला. लाल पट्ट्यांची विंडो डावीकडच्या मॉनिटरवर, पूर्ण. नकाशा मधल्यावर. मेल, फोन, बाकी सगळं उजवीकडे. डावीकडच्या मॉनिटरवर दुसरं काही म्हणजे काही ठेवायचं नाही.

माझ्या टेबलावर सकाळच्या पाळीत एक मुलगी बसायची. मुलगी म्हणतो, पण तिला सहा-सात वर्षांचा मुलगा होता. माहेर निपाणीचं, लग्न होऊन चामराजपेटला आलेली. खोलीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ती मला पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणायची. एकदा दुपारी मी आलो तर तिनं डाव्या मॉनिटरवर फोनची विंडो ओढून ठेवलेली होती आणि तिच्याखाली दोन पट्ट्या झाकल्या गेल्या होत्या. हिरव्याच होत्या, पण मी सगळ्यांदेखत एकेक विंडो बंद केली आणि म्हणालो, "आता पहिल्यापासून लाव. मी उभा आहे." ती बस चुकवून खाली बसली. सगळ्या विंडो उघडल्या, जागच्या जागी नेल्या आणि कानडीत बरं म्हणतात तसं म्हणाली, "सरी अण्णा. परत नाही व्हायचं." परत तसं झालंही नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी मला दुखणं आलं. रविवारी सकाळी मी आणि बायको भाजीला निघालो होतो. स्टॉपवर बस आली आणि तिच्या पाटीवर मला नुसतंच 'हळ्ळी' दिसलं. या शहरात निम्म्या गावांच्या नावाच्या शेवटी हळ्ळी आहे. मी हसत बायकोला म्हटलं, पाटी अर्धीच लिहिलीय बघ. ती म्हणाली, "पूर्ण आहे की." मग मी तिच्याकडे वळलो तर तिचा चेहराही मला अर्धाच दिसला. डोकं दुखत होतं, एवढंच. तिनं तिथूनच रिक्षा केली आणि मला हॉस्पिटलात नेलं.

मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. हातापायांना काही झालं नाही, बोलण्याला काही झालं नाही. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसता. डॉक्टरांनी मात्र मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं की माझे डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जे काही असेल ते मला दोन्ही डोळ्यांनी दिसणार नाही. थोडं परत येईल, कदाचित येणारही नाही. स्कूटर बंद. आणि म्हणाले, "ऑफिसात नक्की सांगा. तुमचं कामच बघण्याचं आहे."

या दुखण्यातली विचित्र गोष्ट अशी की काही दिसत नाहीये हे कळत नाही. डावीकडे काळं दिसत नाही, धूसर दिसत नाही. तिथं काही नाहीच असं वाटतं. ताटात डावीकडचं मीठ, चटणी तशीच राहायची आणि बायको ताट फिरवून द्यायची. पेपर वाचताना ओळीची सुरुवात सापडायची नाही. मान वळवली की सगळं दिसायचं, पण वळवायची आठवण राहायला हवी.

महिन्याभरानं मी कामावर गेलो. ऑफिसला कळवलं होतं की रक्तदाब वाढला होता. बायकोनं पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "सांगितलंत का हो तिथं?" मी म्हणालो, सांगितलं. तिनं पुढे बरेच दिवस विचारलं की ते काही म्हणाले का, काम बदलून देणार का. प्रत्येक वेळी मी काहीतरी थाप मारली. नोकरी जाईल ही भीती होती, नाही असं नाही. पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी गोष्ट अशी होती की ज्यानं सगळ्यांना बघायला शिकवलं त्यालाच दिसत नाही, हे त्या खोलीत कुणाला कळलेलं मला सहन होणार नव्हतं.

मी तोडगा काढला. खुर्चीत बसलो की डाव्या मॉनिटरवरची लाल पट्ट्यांची विंडो उजवीकडे न्यायची. विंडोजचं बटण, शिफ्ट आणि बाणाचं बटण एकदम दाबलं की विंडो उडी मारून शेजारच्या मॉनिटरवर जाते. दोनदा दाबलं की डावीकडून थेट उजवीकडे. मग उजव्या मॉनिटरवरच्या मेल आणि फोनच्या विंडो लहान करायच्या, एकीवर एक येऊ न देता बसवायच्या. डावीकडे काहीतरी बिनमहत्त्वाचं उघडून ठेवायचं, म्हणजे मॉनिटर रिकामा दिसायला नको. पाळी संपायच्या आधी सगळं परत जिथल्या तिथं. हे करताना कुणी बघत नाही ना याची खात्री करायला मी मागे वळून बघायचो. उजवीकडून वळायचो, तेवढंच मला दिसायचं.

दोनेक आठवडे असे गेले. मग एक दिवस मी येऊन बसलो तर लाल पट्ट्यांची विंडो आधीच उजवीकडे होती. मेल आणि फोन तिच्याखाली नीट बसवलेले, मी बसवायचो त्याहून नीट. नकाशासुद्धा मधल्या मॉनिटरच्या उजव्या बाजूला सरकवलेला. मला वाटलं, आदल्या दिवशी मी परत लावायला विसरलो असेन. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. त्याच सुमारास कॉम्प्युटरवर काहीतरी नवीन अपडेट आलं होतं. मी माझ्या मनाशी ठरवून टाकलं की हे त्या अपडेटचं काम. दुपारी दोन वाजता कोण बसतं आणि त्याला विंडो कुठं लागतात, हे मशीन शिकलं.

आज हे लिहिताना कान गरम होतात. मी खरंच तसं मानलं. इतकी वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेला माणूस मी, असं होत नाही हे मला कळायला हवं होतं. आणि मानलं ते मानलं, वर सगळ्यांना सांगितलं. पाळी बदलताना एकदा तिलाच सांगितलं, "बघ, नवीन अपडेट काय भारी आहे. माणूस बघून विंडो लावतं. तुझ्या वेळेला तुझ्यासारखं, माझ्या वेळेला माझ्यासारखं."

ती पर्स खांद्याला लावत होती. म्हणाली, "हो काय अण्णा? बरं झालं की."

"शिकून घे कसं करतं ते."

"सरी," ती म्हणाली आणि गेली.

तीन-चार महिने असेच गेले. मग तिच्या भावाचं लग्न निघालं आणि ती आठवडाभराच्या सुट्टीवर निपाणीला गेली. तिच्या जागी सकाळी दुसरा एक सहकारी बसायला लागला, हैदराबादकडचा, माझ्याहून थोडा लहान, अबोल. पहिल्या दिवशी मी आलो आणि बसलो तर उजवीकडे नुसते मेल. पट्ट्यांची विंडो दिसेना. मान वळवली तर ती डावीकडे, नियमाप्रमाणे, जिथं असायला हवी तिथं. मी तीन बटणं दाबून ती हलवून टाकली असती तर प्रश्न मिटला असता. पण मला राग आला. मशीन बिघडलं असं मला वाटलं. मी तिथूनच कॉम्प्युटर विभागाला फोन लावला आणि मोठ्यानं तक्रार सुरू केली. अपडेट नीट चालत नाही, विंडो आपोआप लागत नाहीत, काल लागल्या होत्या. पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, असं काही अपडेट नाहीये. विंडो आपोआप तशा लागतच नाहीत. कुणीतरी लावत असेल." मी म्हणालो, "माझ्या टेबलाला माझ्याशिवाय कोण हात लावणार?"

तेवढ्यात तो हैदराबादचा सहकारी जवळ आला. तो घरी निघाला होता. माझ्या डाव्या बाजूनं वाकून त्यानं माऊस घेतला, डाव्या मॉनिटरवर काहीतरी दाबलं आणि स्वतःच्या मोबाईलवरून हुबळीच्या एका गोदामाला फोन केला. तिथली पट्टी लाल झाली होती. मी फोनवर भांडत असताना ती तशीच लाल होती, अलार्मही माझ्याच आवाजात बुडाला आणि मला पत्ता नव्हता. वेळेत कळलं, माल वाचला. फोन ठेवून तो हिंदीत हळू म्हणाला, "सॉरी सर. मॅडमनी जाताना सांगितलं होतं, तुम्ही यायच्या आधी सगळं उजवीकडे लावून ठेव म्हणून. माझ्या लक्षातून गेलं."

मी म्हणालो, "कोणत्या मॅडमनी?"

हे मी का विचारलं कोण जाणे. कळलं तर होतंच.

त्यानं माझ्या विंडो उजवीकडे नेऊन दिल्या, मी बघत बसलो असताना, आणि गेला. खोलीत आणखी चारजण होते. कुणी वर बघितलं नाही. सगळे आपापल्या स्क्रीनमध्ये इतके गुंतलेले की त्यावरूनच कळावं. त्या सगळ्यांना माहीत होतं. मग एकेक आठवत गेलं. चहाचा कप हल्ली नेहमी माझ्या उजव्या हाताशी ठेवला जायचा. माझ्या टेबलाच्या अलार्मचा आवाज कुणीतरी वाढवून ठेवला होता. मला हाक मारायची असली की लोक खुर्चीला वळसा घालून उजवीकडे येऊन उभे राहायचे. याच लोकांना मी अपडेट किती हुशार आहे ते समजावून सांगितलं होतं आणि त्यांनी माना डोलावल्या होत्या.

ती आठ दिवस नव्हती. तो सहकारी मग रोज न विसरता विंडो लावून जायचा आणि मी येऊन खाली मान घालून बसायचो. सांगून टाकावं असं रोज वाटे आणि रोज राहून जाई. त्या दिवसांत मला तिचा रागही आला होता, हे लपवून उपयोग नाही. माझ्यावर दया करायचा हिला काय अधिकार, असं वाटायचं.

ती परत आली ती लग्नातले चिरोटे घेऊन. पँट्रीत सगळ्यांना वाटत होती. मी त्या दिवशी मुद्दाम लवकर गेलो होतो. बाकीचे गेल्यावर मी विचारलं, "माझ्या विंडो लावायला तुला कुणी सांगितलं होतं?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. "बसा की अण्णा आधी."

"नाही, सांग."

"कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही परत आलासा त्या दिवशी मी तुम्हाला हेडफोन द्यायला हात पुढं केला. इकडनं, डावीकडनं. तुम्ही घेईनासा. मी तीनदा हाक मारली, मग दचकलासा. पहिल्यांदा मला वाटलं तुम्ही माझ्यावर रागावलाय. मग बघितलं तर तुम्ही विंडो हलवायला लागलासा. त्यो नियम तुमचाच. तुम्ही कशाला मोडशीला?"

"म्हणून तू गुपचूप लावायला लागलीस."

"तुम्हाला सांगायचं नव्हतं असं दिसलं, म्हणून."

मी म्हणालो, "मग मॅनेजरला तरी सांगायचं होतंस. मी इथं बसणं धोक्याचं आहे हे तुला कळत होतं ना?" मी अजूनही भांडत होतो. जणू चूक तिची होती.

तिनं डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही सांगाल म्हणलं. आज सांगतील, उद्या सांगतील. भीती तर वाटायचीच हो. बसमध्ये बसलं की मी मोबाईलवर आपलं पट्ट्यांचं पान उघडायची. पट्टी लाल झाली आणि तुम्ही लगेच उचलली नाहीसा तर इथं कुणालातरी फोन करायचा, असं ठरवलेलं."

"बसमध्ये?"

"घरी पण. भाकऱ्या करताना मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची. तुमची पाळी संपली की मग बंद करायची."

मी विचारलं, फोन करायची वेळ कधी आली का. ती म्हणाली, दोनदा. मला ते दोन्ही दिवस आठवले. मागच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं होतं, सर, तेवढी एक पट्टी बघता का, आणि मी जरा ओरडूनच म्हणालो होतो की बघतोच आहे.

तोवर मला वाटत होतं की माझी लाज म्हणजे लोकांना कळल्याची लाज. पँट्रीत उभा असताना ती वेगळीच झाली. सकाळी अंधारात उठून सहाला कामाला येणारी बाई, दुपारी दोनला सुटायची ती सुटतच नव्हती. माझी पाळी ती आपल्या स्वयंपाकघरात उभी राहून करत होती, महिनोन्महिने, आणि तिला पगार तिच्याच पाळीचा मिळत होता. मुलाचा अभ्यास घेताना तिचं अर्धं लक्ष माझ्या पट्ट्यांवर असणार. ते मी तिला विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

"चिरोटा घ्या," ती म्हणाली. मी घेतला आणि हातात धरून मॅनेजरच्या खोलीत गेलो.

मॅनेजर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरांनी काय म्हटलं होतं तेही. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं दार लावून घेतलं आणि विचारलं, "सर, एखाद्या रात्री लसींची खोली गरम झाली असती आणि आपल्याला कळलं नसतं तर?" मग त्यानं विचारलं, "टीममध्ये कुणाला माहीत होतं?" मी म्हणालो, कुणालाच नाही, मी लपवलं होतं. तेवढं एक खोटं मी मुद्दाम बोललो आणि मला वाटतं त्यानं ते ओळखून सोडून दिलं.

मला पट्ट्यांवरून काढलं. नोकरी राहिली. नवीन येणाऱ्या लोकांना काम शिकवायचं आणि झालेल्या चुकांचे अहवाल तपासायचे, असं काम मिळालं, दिवसाच्या वेळेत, भिंतीकडेच्या टेबलावर, एका मॉनिटरवर. बायकोला त्या संध्याकाळी खरं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "मी रोज विचारत होते, तुम्ही रोज हो म्हणत होतात." मग घड्या घालत राहिली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

निपाणीच्या मुलीशी माझं बोलणं पूर्वीसारखंच चालू राहिलं असं वरून वाटे. ती अण्णा म्हणायची, घरून काही आणलं तर द्यायची. मी मात्र तिच्यासमोर सरळ उभा राहू शकत नव्हतो. वर्षभरानं तिला मल्लेश्वरमला, घराच्या जरा जवळ, दुसरी नोकरी लागली. शेवटच्या दिवशी केक कापला आणि सगळे म्हणाले, सर, तुम्ही बोला, तुम्ही तिचे सीनियर. मी उभा राहिलो. खोलीत सगळे तेच होते, सगळ्यांना सगळं माहीत होतं. तिनं माझ्यासाठी काय केलं हे मी त्या वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो की ती वक्तशीर आहे, मेहनती आहे, नवीन ठिकाणी नाव काढेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हसून म्हणाली, "थँक्यू अण्णा."

पुढे एकदा मनाची तयारी करून मी तिला फोन केला. केक कापताना जे बोलायचं राहिलं ते मनात जुळवून ठेवलं होतं. तिनं उचलला आणि विचारलं, "जेवलासा काय?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, मुलाची शाळा बदललीय, नवीन शाळेत कन्नडचा अभ्यास फार देतात. मी म्हणालो, होईल सवय. मग तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि ती म्हणाली, ठेवू काय आता. मी म्हणालो, ठेव.